समुच्चय, दाब आणि प्रकाश : प्रतिदीप्त सेंद्रिय संयुगांवरील संशोधनाची चिकित्सा

सारांश

काही सेंद्रिय संयुगे द्रावणात जवळजवळ प्रकाशत नाहीत. मात्र त्यांचे रेणू एकत्र आले की ती तेजस्वीपणे प्रकाशतात. काही संयुगांची कोरडी भुकटी घासली वा दाबली असता तिच्या प्रकाशाचा रंग बदलतो. २००१ नंतर या दोन्ही घटनांवर विपुल संशोधन झाले असून महाराष्ट्र व गोव्यातील प्रयोगशाळांचाही त्यात वाटा आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनपर लेखनातील पुराव्यांच्या पद्धतीची चिकित्सा केली आहे. प्रकाश दिसला या निरीक्षणावरून तो का दिसला या स्पष्टीकरणाकडे, आणि तेथून तो कशासाठी उपयोगी पडेल या दाव्याकडे हे लेखन फार घाईने जाते, असे येथे प्रतिपादन केले आहे. पालघर जिल्ह्यासारख्या औद्योगिक परिसरातील पाण्याची कसोटी लावल्यास ही घाई किती महागात पडू शकते, हेही दाखविले आहे.

बीजशब्द : प्रतिदीप्ती, समुच्चयन-प्रेरित उत्सर्जन, घर्षणवर्णी पदार्थ, शोधनमर्यादा, पाण्याची गुणवत्ता.

प्रस्तावना

विरार पूर्वेकडील फुलपाडा येथून रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन दिशा खुल्या असतात. दक्षिणेकडे लोकलने गेल्यास माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था गाठता येते. उत्तरेकडे गेल्यास बोईसर स्थानकाजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. पहिल्या ठिकाणी रंगद्रव्यांचे शास्त्र शिकविले जाते; दुसऱ्या ठिकाणी रसायने, औषधे व रंगद्रव्ये यांचे प्रत्यक्ष उत्पादन होते. फुलपाड्याच्या वस्तीलगत पापडखिंड धरणाचा जलाशय आहे. शास्त्र, उद्योग आणि पाणी या तिन्ही गोष्टी प्रस्तुत विषयात एकत्र येतात. प्रकाशणाऱ्या सेंद्रिय संयुगांवरील बहुतेक शोधनिबंध आज 'हा पदार्थ पाण्यातील अमुक घातक घटक ओळखू शकतो' अशा वाक्याने संपतात. हे वाक्य खरे आहे की नाही, हा प्रश्न ज्या जिल्ह्यात असे पाणी आहे त्या जिल्ह्यातील अभ्यासकाला टाळता येण्यासारखा नाही.

विषयात शिरण्यापूर्वी एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. साखरेचे खडे अंधारात फोडले असता क्षणभर दिसणारा प्रकाश हा स्फटिक तुटण्यातून निर्माण होतो. त्यास बाहेरून प्रकाश लागत नाही. येथे विचारात घेतलेली संयुगे मात्र अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. समुच्चयाने किंवा दाबाने बदलते ती या प्रतिदीप्तीची तीव्रता, तिचा रंग किंवा दोन्ही.

पूर्वपीठिका : समुच्चय ही अडचण

'फ्लूरोसेन्स' हा शब्द जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये रूढ केला. मराठीत त्यासाठी प्रतिदीप्ती व अनुस्फुरण असे दोन्ही शब्द वापरले जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रतिदीप्तीचा अभ्यास मुख्यतः विरल द्रावणांत झाला, कारण तेथे प्रत्येक रेणू सुटा असतो व त्याचे गुणधर्म शेजाऱ्यांच्या प्रभावाविना मोजता येतात. द्रावण गाढ केले की प्रकाश मंदावतो, हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव होता. फोर्स्टर व कास्पर यांनी १९५४ मध्ये पायरीनच्या द्रावणात ही घटना तपशीलाने दाखविली. सपाट रेणू एकमेकांवर रचले जातात, उत्तेजित रेणू शेजाऱ्याशी जोडी करतो आणि मूळ प्रकाश कमी होतो.

या नियमाला अपवाद माहीत नव्हते असे नाही. १९३६ च्या सुमारास जेली व शाइबे यांनी स्यानिन वर्गातील रंगद्रव्यांचे असे समुच्चय वर्णिले होते, की ज्यांचे शोषण अत्यंत टोकदार व प्रतिदीप्ती तीव्र होती. पुढे १९६५ मध्ये काशा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंच्या परस्पर मांडणीवरून समुच्चय प्रकाशेल की विझेल, याचे सैद्धांतिक गणित मांडले. तरीही रंगोद्योगाच्या दृष्टीने समुच्चय ही बहुधा अडचणच राहिली. रंग एकसारखा बसावा म्हणून रंगद्रव्य रंगभांड्यात विखुरलेले ठेवणे, हा रंगाऱ्याच्या कौशल्याचा मोठा भाग होता.

महाराष्ट्रात या ज्ञानाला दीर्घ परंपरा आहे. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये स्थापन झाला. आजची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. तेथे संचालक असलेले व पुढे १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन यांच्या 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रंगरसायनाच्या जगभरातील अभ्यासकांनी ते प्रमाण मानले.

घरगुती अनुभवही या विषयापासून दूर नाही. पांढऱ्या कपड्यांना झळाळी आणण्यासाठी वापरली जाणारी टिनोपाल, रानीपाल यांसारखी शुभ्रके मराठी घरांना परिचित आहेत. अशा शुभ्रकांपैकी अनेक स्टिल्बीन या संयुगापासून साधलेली असतात. साधे ट्रान्स-स्टिल्बीन पातळ द्रावणात सामान्य तापमानाला शोषलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाच टक्के भाग प्रकाशरूपाने परत देते. उरलेली ऊर्जा मधल्या दुहेरी बंधाभोवती रेणू पिळला जाण्यात खर्च होते. माध्यम घट्ट केले की हे पिळणे रोखले जाते आणि प्रकाश वाढतो. उलटपक्षी, शुभ्रक प्रमाणाबाहेर वापरल्यास कपडा शुभ्र दिसण्याऐवजी हिरवट, मळकट दिसू लागतो. रेणूला जखडल्याने वाढणारा प्रकाश आणि गर्दी झाल्याने बिघडणारा प्रकाश, या दोन्ही शक्यता अशा रीतीने एकाच कुळातील पदार्थांत आढळतात.

२००१ ची नोंद आणि तिचे मूल्य

हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील बेन झोंग तांग यांच्या गटाने २००१ मध्ये 'केमिकल कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सिलिकॉनयुक्त पंचकोनी वलयाभोवती पाच फिनाइल गट असलेले सिलोल वर्गातील संयुग हा त्याचा विषय होता. शुद्धीकरणाच्या वेळी पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर या पदार्थाचा ओला ठिपका प्रकाशत नसे; तोच ठिपका वाळल्यावर प्रकाशू लागे. इथेनॉलमधील द्रावणात या संयुगाची क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे शोषलेल्या फोटॉनांपैकी प्रकाशरूपाने परत येणाऱ्यांचे प्रमाण, ०.०००६३ इतकी अल्प होती. त्याच द्रावणात पाण्याचे प्रमाण ९० टक्के केल्यावर ती ०.२१ झाली. ही वाढ सुमारे ३३३ पट होते. या घटनेस 'समुच्चयन-प्रेरित उत्सर्जन' असे नाव देण्यात आले.

या निबंधाचे मूल्य ठरविताना दोन टोके टाळली पाहिजेत. समुच्चयाने वाढणारा प्रकाश २००१ मध्येच प्रथम दिसला, असे म्हणणे जेली व शाइबे यांच्या कार्यावर अन्याय करणारे आहे. तसेच ही जुनीच गोष्ट नव्या नावाने मांडली गेली, असे म्हणणेही योग्य नाही. जुन्या समुच्चयांत प्रकाश वाढण्याचे कारण रेणूंच्या एकमेकांशी होणाऱ्या इलेक्ट्रॉनीय युतीत होते. सिलोलसारख्या पंख्याच्या पात्यांप्रमाणे तिरक्या बसलेल्या गटांच्या रेणूंत कारण वेगळे आहे. ही पाती द्रावणात फिरत राहतात व उत्तेजनाची ऊर्जा उष्णतेत घालवितात. रेणूंची दाटी झाली की ती अडकतात आणि ऊर्जेला प्रकाशाखेरीज वाट उरत नाही. समुच्चयाचा दोष हा गुण ठरू शकतो आणि तसे रेणू हेतुपूर्वक रचता येतात, हा विचार या निबंधाने प्रस्थापित केला. त्यानंतर टेट्राफिनाइलएथिलीन हे या क्षेत्राचे लाडके संयुग झाले. स्टिल्बीनच्या मधल्या बंधावर आणखी दोन फिनाइल गट चढविले की ते मिळते. ते बनविणे सोपे आहे व त्याला हवे ते गट जोडता येतात.

स्पष्टीकरणांचा प्रश्न

नाव लोकप्रिय होताच त्याच्यासोबत आलेले स्पष्टीकरणही सिद्ध मानले जाऊ लागले. 'अंतर्रेणवीय हालचालींवर निर्बंध' हा शब्दप्रयोग शेकडो निबंधांत पुराव्याच्या जागी ठेवलेला आढळतो. वस्तुतः हे स्पष्टीकरण अनेक घटनांचे समावेशक वर्णन आहे. कोठे फिनाइल गटांचे फिरणे महत्त्वाचे असते, कोठे कंपन, तर कोठे दुहेरी बंधाचे पिळणे. क्वानसाँग ली व लुईस ब्लांकाफोर्ट यांनी २०१३ मध्ये संगणकीय अभ्यासातून असे मांडले, की उत्तेजित अवस्था व मूळ अवस्था यांचे ऊर्जापृष्ठ जेथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूपर्यंत रेणूला घन अवस्थेत पोहोचता येत नाही, म्हणून तो प्रकाशतो. टेट्राफिनाइलएथिलीनच्या बाबतीत द्रावणात होणारे प्रकाशरासायनिक वलयीकरणही ऊर्जेची एक वाट आहे. 'हालचाल थांबली' एवढे सांगून या वाटांपैकी कोणती बंद झाली, हे कळत नाही.

प्रचलित प्रयोगपद्धतीतील मर्यादा याहून गंभीर आहे. संयुग टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवायचे, पाण्याचे प्रमाण शून्यापासून ९० वा ९९ टक्क्यांपर्यंत वाढवीत न्यायचे, प्रकाश वाढला की समुच्चयन-प्रेरित उत्सर्जन सिद्ध झाले असे लिहायचे, ही आज ठरून गेलेली रीत आहे. पाणी मिसळताना मात्र चार गोष्टी एकाच वेळी बदलतात. माध्यमाची ध्रुवीयता वाढते, श्यानता बदलते, संयुगाची विद्राव्यता घटते आणि तयार झालेले कण प्रकाश विखुरतात. यांपैकी ध्रुवीयतेनेच अनेक दाता-ग्राही रेणूंचा रंग व तीव्रता बदलते, तेथे समुच्चयाचा संबंध असतोच असे नाही. कण खरोखर झाले की नाही, हे स्वतंत्रपणे तपासले नाही तर केवळ आलेखाच्या चढावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

शुद्धतेचा प्रश्न याच जातीचा आहे. कार्बाझोल व त्याच्या साधितांचा दीर्घकाळ टिकणारा घनावस्थेतील प्रकाश हा प्रस्फुरणाचा प्रकार आहे, प्रतिदीप्तीचा नव्हे. तथापि त्याचा धडा येथे तंतोतंत लागू पडतो. हा प्रकाश स्फटिकातील मांडणीमुळे मिळतो, असे बराच काळ मानले जात होते. २०२१ मध्ये 'नेचर मटेरिअल्स'मध्ये छापील स्वरूपात आलेल्या चेन, लिउ व सहकाऱ्यांच्या निबंधाने दाखविले, की बाजारात मिळणाऱ्या कार्बाझोलमध्ये त्याचाच एक समघटक अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रमाणात मिसळलेला असतो आणि हा प्रकाश त्या अशुद्धीमुळे येतो. प्रयोगशाळेत काळजीपूर्वक बनविलेल्या शुद्ध कार्बाझोलमध्ये तो दिसेनासा झाला. घनावस्थेत ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे सहज जात असल्याने अत्यल्प अशुद्धीही संपूर्ण प्रकाशाचा रंग ठरवू शकते.

खल आणि हिऱ्यांची ऐरण

दाबाने रंग बदलणाऱ्या संयुगांच्या बाबतीत शब्दांचा सैलपणा अधिकच जाणवतो. घासणे, चुरडणे, बोथट पट्टीने ओरखडणे, गोळी बनविण्याच्या यंत्रात दाबणे आणि दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये ठेवून सर्व बाजूंनी समान दाब देणे या पाच भिन्न क्रिया आहेत. शोधनिबंधांत मात्र त्या सर्वांस 'दाबाचा परिणाम' असे एकच नाव दिलेले अनेकदा दिसते.

खलात भुकटी घोटताना दाबापेक्षा थर एकमेकांवरून सरकविणारे कर्तनबल प्रभावी असते. त्यासोबत स्थानिक उष्णता येते. घोटणाऱ्या हाताचा जोर, घोटण्याचा वेळ आणि हवेतील आर्द्रता यांची नोंद क्वचितच असते. या क्रियेत स्फटिकाची शिस्त मोडून पदार्थ पूर्णतः वा अंशतः अस्फटिकी होतो. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखातील टोकदार शिखरे बसतात व त्यांच्या जागी पसरट उंचवटा येतो. द्रावकाची वाफ दिली किंवा पदार्थ तापविला, की स्फटिकरचना परत येते आणि मूळ रंगही परततो. हिऱ्यांच्या ऐरणीतील स्थिती निराळी असते. तेथे दाब गिगापास्कलमध्ये मोजला जातो आणि एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. तेथे स्फटिक बहुधा स्फटिकच राहतो. रेणू एकमेकांजवळ सरकतात, त्यांच्या इलेक्ट्रॉन-मेघांची व्याप्ती वाढते आणि प्रकाश क्रमाने तांबड्याकडे झुकतो. चीनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये पिरिडिलव्हिनाइल गट जोडलेल्या अँथ्रासीनच्या एका साधिताचा प्रकाश हिरव्यापासून तांबड्यापर्यंत नेऊन दाखविला. या अभ्यासाचे महत्त्व असे, की घासणे व समान दाब या दोन्ही क्रिया त्यात शेजारी ठेवल्या होत्या आणि रंगातील बदल रेणूंच्या रचलेपणाशी जोडून दाखविला होता.

व्हर्जिनिया विद्यापीठातील कॅसँड्रा फ्रेझर यांच्या गटाचा २०१० मधील अभ्यासही याच कारणाने अनुकरणीय आहे. सूर्यकिरणांपासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांत वापरल्या जाणाऱ्या ॲव्होबेन्झोन या संयुगाला बोरॉन डायफ्लुओराइड जोडून त्यांनी जो पदार्थ मिळविला, त्याचे वेगवेगळे स्फटिक वेगवेगळ्या रंगांनी प्रकाशतात. घासल्यानंतर बदललेला त्याचा रंग काही काळाने सामान्य तापमानाला आपोआप परततो. एकच रेणू, पण मांडणी अनेक आणि रंगही अनेक, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. रंग ही रेणूची मालमत्ता नसून रेणूंच्या मांडणीची मालमत्ता आहे, हे ज्या लेखनात मान्य केलेले असते तेच लेखन टिकाऊ ठरते. अतिनील दिव्याखाली काढलेली 'घासण्यापूर्वी' व 'घासल्यानंतर'ची दोन छायाचित्रे ही या अभ्यासाची सुरुवात होय. अनेक निबंध तेथेच संपतात, ही खेदाची बाब आहे.

महाराष्ट्र व गोव्यातील संशोधन

मराठी प्रदेशातील प्रयोगशाळांनी या क्षेत्रात केलेले काम वेगवेगळ्या वळणांचे आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत एन. सेकर यांच्या गटाने प्रतिदीप्त रंगद्रव्यांची रचना, श्यानतेनुसार प्रकाश बदलणारे रेणू आणि घनावस्थेतील उत्सर्जन यांवर विपुल लेखन केले आहे. रंगोद्योगाच्या गरजा जाणणारी ही परंपरा असल्यामुळे संश्लेषणाची सुलभता व संयुगांची विविधता हे तिचे बलस्थान आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. बी. कोळेकर व एस. आर. पाटील यांच्या प्रतिदीप्ती-प्रयोगशाळेने पुनरवक्षेपण पद्धतीने सेंद्रिय नॅनोकण तयार केले. सेंद्रिय द्रावकातील द्रावण पाण्यात झपाट्याने मिसळले असता संयुग सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडते, हे या पद्धतीचे तत्त्व. साधनसामग्री बेताची लागत असल्याने लहान महाविद्यालयांनाही हा मार्ग परवडतो. पाणी हेच माध्यम असल्याने पाण्यातील घटक ओळखण्याच्या उपयोजनाकडे तो सरळ जातो, हे त्याचे वैशिष्ट्य.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अनिंद्य दत्त यांच्या गटाने सॅलोफेन व त्याची धातुसंकुले यांच्या बाबतीत रेणूंची मांडणी आणि पिळवटण्याची हालचाल यांचा प्रकाशावरील परिणाम तपासला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील पार्थ हाजरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'केमिकल सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा रोखच रचना व गुणधर्म यांचा संबंध प्रस्थापित करण्यावर आहे. एकाहून अधिक उद्दीपकांना प्रतिसाद देणारे घन पदार्थ जाणीवपूर्वक कसे रचावेत, हा त्याचा प्रश्न आहे. प्रस्तुत चिकित्सेच्या दृष्टीने हे दोन्ही प्रयत्न विशेष मोलाचे वाटतात, कारण त्यांत 'चमकते' येथे न थांबता 'का' हा प्रश्न केंद्रस्थानी आहे.

त्या वेळी गोवा विद्यापीठात असलेले शेषनाथ भोसले हे २०१८ मध्ये 'एसीएस अप्लाइड मटेरिअल्स अँड इंटरफेसेस'मध्ये आलेल्या, टेट्राफिनाइलएथिलीनवर आधारित संवेदकांच्या आढावा-लेखाचे एक लेखक आहेत. विखुरलेले साहित्य एकत्र आणणारे असे आढावे नव्या अभ्यासकाला अत्यंत उपयुक्त असतात. मात्र आढावा या लेखनप्रकाराची एक अंगभूत मर्यादा आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी निरनिराळ्या परिस्थितीत मोजलेले आकडे शेजारी शेजारी येतात आणि ते तुलनायोग्य आहेत, असा वाचकाचा समज होतो. ही जबाबदारी आढावाकारापेक्षा मूळ निबंधांवर अधिक येते.

पाण्याची कसोटी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले व देशातील औद्योगिक क्षेत्रांत ते सर्वाधिक प्रदूषित ठरले. अशा जिल्ह्यात पाण्यातील पारा वा शिसे ओळखणारा स्वस्त पदार्थ ही केवळ शैक्षणिक कुतूहलाची गोष्ट राहत नाही. म्हणूनच अशा दाव्यांस आकड्यांची कसोटी लावणे आवश्यक आहे.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. रसायनशास्त्राच्या परिमाणात हे सुमारे पाच नॅनोमोल होतात. एखाद्या संवेदकाचा प्रकाश एक मायक्रोमोल पाऱ्याला स्पष्टपणे बदलतो असे लिहिलेले असेल, तर ते प्रमाण लिटरला सुमारे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या २०० पट असते. प्रत्यक्षात याहून अल्प शोधनमर्यादा छापली जाते, ती बहुधा आलेखाची रेषा मोजमापाच्या कक्षेबाहेर वाढवून गणिताने काढलेली असते. त्या तीव्रतेचे द्रावण प्रत्यक्ष तपासलेले असतेच असे नाही.

दुसरी अडचण इतर आयनांची आहे. त्याच मानकानुसार पाण्याच्या एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे दोन मिलिमोल आहे. पाऱ्याच्या पाच नॅनोमोलशी तुलना करता कॅल्शियम-मॅग्नेशियमचे हे प्रमाण चार लाख पट भरते. निबंधांतील निवडकतेची चाचणी मात्र इतर आयन समप्रमाणात किंवा दहापट घेऊन केलेली असते. ज्या संवेदकाचा संकेतच समुच्चयावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ही उणीव अधिक धोक्याची ठरते. पाण्यातील क्षार वाढले की कणांवरील विद्युतभाराचा परस्पर प्रतिकार झाकला जातो आणि कण एकत्र येतात. भरतीचे पाणी आत येणाऱ्या वसई-विरारसारख्या खाडीकाठच्या प्रदेशात पारा नसतानाही केवळ मिठामुळे संकेत बदलू शकतो.

तिसरी अडचण प्रकाश विझविणाऱ्या संवेदकांची आहे. पिक्रिक आम्लासारखी नायट्रो-संयुगे ओळखण्याचे दावे फार आढळतात. पिक्रिक आम्ल स्वतःच पिवळे असते. संवेदकाला उत्तेजित करण्यासाठी पाठविलेला अतिनील व निळसर प्रकाश ते स्वतः शोषून घेते. त्यामुळे संवेदकाला कमी प्रकाश मिळतो व तो मंद दिसतो. या परिणामाची दुरुस्ती केल्याशिवाय 'प्रतिदीप्ती विझली' हे विधान अर्धवट राहते. कोणतेही पिवळे द्रावण त्याच रीतीने यशस्वी ठरेल.

चौथी अडचण परिसरातील निळ्या प्रकाशाची आहे. कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली ह्यूमिक द्रव्ये नैसर्गिक पाण्यात निळसर प्रतिदीप्ती देतात. कपडे धुण्याच्या पावडरीतील शुभ्रके सांडपाण्यातून वाहत येतात. इतकी, की जलाशयात घरगुती सांडपाणी मिसळते काय हे शोधण्यासाठी त्यांच्याच प्रतिदीप्तीचा उपयोग केला जातो. टेट्राफिनाइलएथिलीनच्या साध्या साधितांचा निळा-हिरवा प्रकाश याच पार्श्वभूमीवर मोजावा लागेल. ऊर्ध्वपातित पाण्यात स्वच्छ दिसणारा संकेत नागरी वस्तीलगतच्या पाण्यात तितकाच स्वच्छ राहील, असे गृहीत धरता येत नाही.

अपेक्षित शिस्त

या चिकित्सेतून निघणाऱ्या अपेक्षा अवाजवी नाहीत. महागड्या उपकरणांपूर्वी करता येण्याजोग्या अनेक गोष्टी साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहेत.

१. पाणी मिसळण्याच्या प्रयोगासोबत ग्लिसरॉल मिसळण्याचा प्रयोग करावा. संयुग विरघळलेले असतानाच केवळ श्यानतेने प्रकाश वाढला, तर हालचाल रोखली गेल्याच्या स्पष्टीकरणास बळ मिळते.

२. प्रकाशणारे मिश्रण सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळून पाहावे. प्रकाश गाळणीवर राहिला तर कण आहेत. गाळलेल्या द्रवात उतरला तर द्रावण किंवा छिद्रांहून लहान कण ही शक्यता तपासावी.

३. घासण्याच्या प्रयोगात वजन, वेळ व तापमान नोंदवावे. घासणे व दाबणे वेगवेगळे करावे. रंग परतण्याची आवर्तने किमान दहा वेळा करून प्रत्येक वेळचा आकडा द्यावा.

४. संयुगाचे किमान दोन भिन्न मार्गांनी शुद्धीकरण करून प्रकाश तोच राहतो काय, हे पाहावे.

५. पाण्यातील घटक ओळखण्याचा दावा असल्यास स्थानिक नळाचे, जलाशयाचे व खाडीचे पाणी घेऊन, त्याच दिवशीच्या कोऱ्या नमुन्यासह, मानकात दिलेल्या मर्यादेएवढ्या तीव्रतेवर चाचणी करावी.

स्फटिकाची रचना, समुच्चयातील क्वांटम कार्यक्षमता व प्रकाशाचा आयुष्यकाल यांसाठी मोठ्या संस्थांचे साहाय्य घ्यावे लागेल, हे खरे आहे. परंतु वरील पाच बाबी पूर्ण केल्यानंतर माटुंगा वा पुणे येथे पाठविलेला नमुना हा विचारपूर्वक पाठविलेला नमुना असेल. नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्ध होणे तितकेच गरजेचे आहे. खाडीच्या पाण्यात निकामी ठरलेल्या संवेदकाची नोंद पुढील दहा अभ्यासकांचे श्रम वाचवू शकते.

समारोप

समुच्चयाने व दाबाने प्रकाश बदलणाऱ्या संयुगांनी प्रकाशरसायनाला एक मूलगामी जाणीव दिली. सुट्या रेणूचा अभ्यास पुरेसा नाही. तो कोणाच्या शेजारी, किती जवळ व कोणत्या कोनात बसला आहे, हेही त्याच्या गुणधर्माचाच भाग आहे. या जाणिवेला न्याय द्यावयाचा तर समुच्चयाचे वर्णन रेणूच्या वर्णनाइतक्याच काटेकोरपणे झाले पाहिजे. सद्यःस्थितीत रेणूची रचना पानभर दिली जाते आणि समुच्चयासाठी एक छायाचित्र पुरेसे मानले जाते. हे प्रमाण बदलणे हे या क्षेत्रातील पुढील संशोधनाचे पहिले कर्तव्य आहे. महाराष्ट्रात रंगरसायनाचे ज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत आणि ज्याची तपासणी तातडीने व्हावी असे पाणीही दुर्दैवाने आहे. दिव्याखाली भुकटी प्रकाशली म्हणून ते पाणी तपासले गेले, असे होत नाही. तो दावा पापडखिंडीच्या वा वसईच्या खाडीच्या पाण्याने भरलेल्या परीक्षानळीतच सिद्ध व्हावा लागेल.